सहावं कलम

"लिंबू म्हणजे मुकादम," मी म्हटलं, "आणि हे सहा शेंगदाणे म्हणजे त्याच्या हाताखालची माणसं. हा शेंगदाणा काम करता करता अडला. आता पुढे काय होतं?"

हेरंब मुळगुंद कँटीनच्या टेबलावरच्या लिंबाकडे बराच वेळ बघत राहिला. आपल्या दोन वर्षांच्या मेहनतीचं कुणीतरी भेळेचं सामान करून ठेवलंय, असा त्याचा चेहरा झाला होता.

"कर्नल मुकादमाला हाक मारतो," तो शेवटी म्हणाला.

"आणि मुकादम?"

"दुसऱ्याला कामाला लावतो."

"आणि पहिल्याची अडचण सुटली की?"

"पुन्हा हाक. चारुता, तू हे असं लिहिणार आहेस?"

"लिंबू नाही लिहिणार. पण मला कळल्याशिवाय लिहिता येत नाही."

तेवढ्यात इक्बाल मुजावर चहाचा कप घेऊन आला आणि येता येता त्याने एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला.

"मुजावर, तो थ्रेड होता," मी म्हटलं.

"खारट होता की," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. मुजावर मिरजेचा. आमच्या गटात चाचण्या घेण्याचं काम त्याच्याकडे होतं. लोकांनी मन लावून बनवलेली वस्तू मोडून बघणं हाच त्याचा पेशा असल्यामुळे त्याला कशाचं फारसं वाईट वाटत नसे.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बावधनला आमचं ऑफिस होतं, एका परदेशी कंपनीची पुण्यातली शाखा. हेरंबच्या गटात सात माणसं होती आणि त्या सातांनी मिळून एकच गोष्ट बनवली होती. ती समजायला फार शिकलेलं असावं लागत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात बरेच लहान लहान कामकरी असतात, त्यांना थ्रेड म्हणतात. त्यांतल्या कुणाला कधी कामाला बसवायचं हे ठरवतो कर्नल, म्हणजे यंत्राच्या तळाशी बसून सगळ्यांवर सत्ता चालवणारा प्रोग्रॅम. हेरंबचं म्हणणं, हा कारभार म्हणजे दिल्लीत बसून गल्ली चालवणं आहे. प्रोग्रॅमला आपली माणसं ठाऊक असतात, त्याला आपला मुकादम आपण नेमू द्यावा. कर्नलने फक्त 'अमका अडला', 'तमका मोकळा झाला' एवढी वर्दी मुकादमाला द्यावी आणि गप्प बसावं.

मुकादम हा शब्द माझा. आमच्या लांज्याला आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये मुकादम असायचा, त्यावरून मला सुचला. हेरंबला तो आवडला नव्हता, पण दोनच दिवसांत सातही जण तोच वापरायला लागले.

हा कर्नल कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरातली माणसं तो मिळून बनवतात. त्यात कुणाला भर घालायची असेल तर ती ई-मेलने सगळ्यांसमोर मांडावी लागते. तिथले जाणते परीक्षक ती ओळ न् ओळ तपासतात, आणि जे काय बोलायचं ते चारचौघांत बोलतात. हेरंबने आपला कोड चार वेळा मांडला होता. चारही वेळा उत्तर आलं की काही समजलं नाही. आमच्या विषयाचा परीक्षक होता ओटाकर नावाचा एक चेक गृहस्थ. त्याला ऑफिसात सगळे मामलेदार म्हणत, कारण त्याच्याकडे गेलेला कागद पहिल्या फेरीत कधी मंजूर होत नसे. चौथ्या वेळी त्याने लिहिलं होतं, "कोड वाचून तुमच्या मनात काय आहे ते ओळखणं हे माझं काम नाही. आधी नीट लिहून आणा."

त्याचं चुकत नव्हतं. हेरंबच्या चार हजार ओळींच्या कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप एकच होती, आणि ती म्हणजे 'हे हलवू नका'.

म्हणून शाखेच्या प्रमुख रेगे मॅडमनी मला त्या गटात आणून बसवलं. त्याआधी पाच वर्षं मी खालच्या मजल्यावर बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत होते. हिरवा दिवा लुकलुकत असेल तर काय करावं, तांबडा लागला तर कुणाला फोन करावा, असलं लिखाण. त्यावर कुणाचं नाव नसतं, आणि ते कुणीतरी लिहिलेलं असतं हेही कुणाच्या डोक्यात येत नाही.

"मे अखेरपर्यंत मला त्या मामलेदाराचं एक बरं वाक्य हवंय," मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "मंजुरी नको. 'कल्पना चांगली आहे' एवढं जरी त्याने लिहिलं तरी पुरे. तेवढ्या एका वाक्यावर मी वर्षभर खिंड लढवते. नाही आलं तर वरचे लोक हा गट बंद करणार आहेत. हेरंबला माहीत आहे. तुम्हालाही माहीत असावं."

"सातही जण?"

"सातही. तुमचं काही नाही, तुम्ही परत खाली जाल."

त्या जगाची आणखी एक रीत मला हेरंबने सांगितली. पाठवलेल्या प्रत्येक लिखाणाच्या तळाशी लिहिणाऱ्याने स्वतःचं खरं नाव आणि पत्ता घालून सहीची एक ओळ लिहायची. टोपणनाव चालत नाही, कंपनीचं नाव चालत नाही. कोड हेरंबचा, त्याखाली त्याची सही. दस्तऐवज माझा, म्हणून त्याखाली माझी.

मी घरी आईला फोन करून सांगितलं, माझं नाव छापून येणार.

"पेपरात?" आईने विचारलं.

"पेपरात नाही. पण जगभर."

"म्हणजे कुणी वाचणार नाही," आई म्हणाली आणि तिने शेजारच्या लग्नाचा विषय काढला.

दहा दिवसांत पाच कलमं लिहून झाली. हेरंब कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते अर्धं फळ्याशी बोलायचा, पण त्याला एक गोष्ट चांगली येत होती. न कळल्याचं नाटक करणारा आणि खरोखर न कळलेला यांतला फरक तो बरोबर ओळखायचा आणि खरोखर न कळलेल्याला कधी हसायचा नाही. मी एकच प्रश्न पाचदा विचारला तर तो पाचदा उत्तर द्यायचा, दरवेळी थोडं निराळं. पाचव्या उत्तराला मला कळायचं आणि मग मी ते वाक्य लिहायचे. आमचं बरं जमलं होतं.

अकराव्या दिवशी जेवण झाल्यावर आम्ही तिघं मीटिंगच्या खोलीत होतो. शेंगदाणे मुजावरने केव्हाच संपवले होते, म्हणून मी स्वतःच मुकादम झाले आणि मुजावरला कामकरी केलं. माझ्या हातात कोरा कागद, ती यादी. ज्याची अडचण सुटली त्याचं नाव त्या यादीवर चढतं, मग कर्नल मुकादमाला हाक मारतो. कर्नलचं काम हेरंबकडे.

"मी यादी बघितली," मी म्हटलं. "रिकामी आहे. कुणीच तयार नाही, म्हणून मी झोपते."

मी डोळे मिटले.

"मुजावर मोकळा झाला. यादीवर चढला. मुकादम, ऊठ," हेरंब म्हणाला.

मी डोळे उघडले, यादी बघितली, मुजावरला कामाला लावलं. सगळं सुरळीत होतं.

"आता परत," मी म्हटलं. "पण मुजावर, या वेळी जरा आधी मोकळा हो. मी यादी बघितलीय पण डोळे अजून मिटायचेत, तेव्हा."

"त्याने काय होतंय?" मुजावर म्हणाला.

"बघू तर."

मी यादी बघितली. रिकामी होती. मान खाली घातली. मुजावर म्हणाला, "झालो मोकळा." हेरंबने हाक मारण्यासाठी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"मार ना हाक."

"मुकादम जागा असेल तर कर्नल हाक मारत नाही," तो हळू म्हणाला. "जागा मुकादम यादी आपणच बघेल, असं धरलेलं आहे."

"पण मी बघून बसलेय," मी म्हटलं, आणि ठरल्याप्रमाणे डोळे मिटले.

मी डोळे मिटूनच होते.

"मी उभाच की मग," मुजावर म्हणाला. "बाकीचे पण उभे. आणि हिला उठवणार कोण?"

कुणीच नाही. मुकादम हाकेची वाट बघत झोपलेला आणि माणसं मुकादमाची वाट बघत उभी. यंत्र जळणार नाही, तक्रार करणार नाही, नुसतं सगळं थांबेल.

"ही फट फार लहान आहे," हेरंब म्हणाला. "तुझी पापणी मिटेपर्यंत तसल्या लाख फटी निघून जातात. आठ महिन्यांच्या चाचण्यांत हे एकदाही झालेलं नाही."

"झालंय," मुजावर म्हणाला. "दोनदा. एकदा मार्चमध्ये आणि एकदा परवा. मला वाटलं मशीनच खराब हाय."

हेरंब उठला आणि फळ्याकडे गेला. अर्ध्या तासाने त्याने खडूचे हात पँटला पुसले. "यादी प्रोग्रॅमच्या खिशात आहे," तो म्हणाला. "झोपायच्या ऐन क्षणी ती पुन्हा बघायची तर कर्नलने त्याच्या खिशात हात घालायला हवा, आणि त्या क्षणी ती मुभा त्याला नसते. यादीच कर्नलच्या खिशात आणावी लागेल."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. मांडणीच बदलायची तर चार." आणि मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता."

त्यात राग नव्हता. उलट त्याने त्या दिवशी स्वतःच्या हाताने माझ्यासाठी चहा आणला, आणि हे त्याच्या बाबतीत मी तरी पुन्हा कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहावं कलम लिहिलं. विषय होता ही फट. पाचच वाक्यं, पण जेवायची सुट्टी होईपर्यंत मी तेवढंच करत होते. दुपारी हेरंब माझ्या टेबलाशी आला. मी त्याला सांगितलं की सहावं झालंय.

"ते काढ," तो म्हणाला.

"का? खरं आहे ना ते?"

"खरं आहे म्हणूनच सांगतोय. आधी मामलेदाराला पाच वाचू दे. कल्पना बरी आहे एवढं त्याला एकदा लिहू दे. मॅडमना ते वाक्य मिळेल, मला तीन आठवडे मिळतील. मी भोक बुजवतो. पुढच्या फेरीत सहावं घाल, आमचं आम्हालाच सापडलं म्हणून सांगू. मला लपवायचं नाहीये, चारुता. मला फक्त तीन आठवडे हवेत."

"आणि तोवर कुणी वापरलं तर?"

"कोण वापरणार? अजून कुठे गेलंय ते? कुणाचं काही अडणार नाही."

त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. तिथे सगळेच असं करतात, अपुरं मांडतात आणि फेरीगणिक पुरं करत जातात. हे मी आज म्हणते असं नाही, तेव्हाही मला ते पटलं होतं.

"तू वाचलंस का ते?" मी विचारलं.

"मला माझं भोक माहीत आहे. वाचायचं काय त्यात? काढशील ना?"

"काढते," मी म्हटलं.

बुधवारी दुपारी पाठवायचं ठरलं, कारण तेव्हा युरोपात लोक कामावर असतात. लिखाण माझं असल्यामुळे ते माझ्याच पत्त्यावरून जायचं होतं. माझ्याकडे दोन प्रती तयार होत्या, एक पाच कलमांची आणि एक सहांची. दोन्हींच्या तळाशी माझ्या सहीची ओळ होती. मी दोन्ही पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचल्या. हेरंब मीटिंगला जाता जाता दारातून डोकावला.

"पाठवलंस?"

"पाठवते."

त्याने ते उघडून बघितलं नाही. त्याला तशी गरज वाटली नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी मी सहा कलमांची प्रत पाठवली.

उत्तर गुरुवारी सकाळी आलं. पहिल्यांदा मुजावरने पाहिलं, आणि त्याच्या हाकेसरशी सगळे त्याच्या खुर्चीमागे जमले. त्या लोकांची उत्तर द्यायची एक पद्धत आहे. तुमचं लिखाण जसंच्या तसं ठेवतात, प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला एक खूण करतात आणि ज्या ओळीबद्दल बोलायचं तिच्या खाली आपलं म्हणणं लिहितात. मामलेदाराने माझी पाच कलमं गाळली होती. सहावं मात्र पूर्ण ठेवलं होतं. पाचही वाक्यं, खुणा केलेली, आणि त्यांच्याखाली लिहिलं होतं:

"हा प्रकार सुरू झाल्यापासून आज पहिल्यांदा मला तो समजला. हे कलम ज्यांनी लिहिलं त्यांनी आमच्याकडे आणखी लिहावं. इतकं स्वच्छ लिखाण इथल्या पत्रव्यवहारात मी कित्येक वर्षांत वाचलेलं नाही. कोडबद्दल माझं उत्तर 'नाही' असं आहे. यादी जिथे ठेवली आहे तिथे आहे तोवर हे कलम खरंच राहणार, आणि ती हलवायची तर हा कोड उरत नाही."

हेरंबने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. बाकीचे पाच जण हळूहळू आपापल्या जागेवर गेले. मुजावर तेवढा जागचा हलला नाही, खुर्ची त्याचीच होती.

तासाभराने रेगे मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"काढायचं ठरलं होतं ना?" मॅडमनी मला विचारलं. "मग गेलं कसं?"

"खाली माझं नाव होतं, मॅडम," मी म्हटलं. "तिथे सही करणं म्हणजे हे लिखाण खरं आणि पूर्ण आहे अशी हमी देणं. माहीत असलेलं दडवून मला सही करता येईना."

"मग तसं आधी सांगायचं होतं! माझ्याकडे यायचं, हेरंबला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं."

"अर्थात थांबवलं असतं!" मॅडमचा आवाज चढला. "सात माणसं आहेत, चारुता. तीन आठवड्यांचा प्रश्न होता."

तेव्हा हेरंब बोलला.

"तिचं बरोबर आहे," तो म्हणाला. "नाव तिचं जाणार होतं. मी तिला काढ म्हणायलाच नको होतं."

मॅडमनी हात जोडले आणि आम्हाला जा म्हणून सांगितलं.

मेअखेरीला गट बंद झाला. सातांपैकी तिघांना पुण्यातच दुसरीकडे मिळालं, दोघं हैदराबादला गेले. मुजावर रियाधला गेला आणि सहा वर्षं तिथे एकटा राहिला. त्याच्या धाकट्या मुलीला शाळेत घालायला तो नव्हता आणि ती तिसरीत गेली तेव्हाही नव्हता. हेरंब इचलकरंजीला आपल्या गावी गेला आणि तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागला. त्याने पुन्हा कर्नलला हात लावला नाही. मला हे इतरांकडून कळत गेलं, कारण शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेताना तो माझ्याशी नीट बोलला, पण त्यानंतर त्याचा फोन कधी आला नाही.

माझं उलट झालं. दोन महिन्यांतच एका मोठ्या कंपनीने मला पत्र पाठवून विचारलं की ते सहावं कलम लिहिणाऱ्या तुम्हीच का. आज मी जिथे आहे ती त्याच पत्रामुळे. मुलाखतीत त्यांनी तो प्रसंग विचारला. मी सहीचं सांगितलं. ते ऐकून समोरचे तिघंही जरा ताठ बसले. पुढेही जिथे जिथे विचारलं तिथे मी तेच सांगत आले. तुटक सांगायचे, स्वतःकडे फार मोठेपणा न घेता. अशा गोष्टी तशाच सांगाव्या लागतात.

गेल्या वर्षी मुजावरने मिरजेत घर बांधलं आणि घरभरणीला जुन्या गटाला बोलावलं. मी गेले. गच्चीवर मांडव घातला होता आणि दुपारच्या पंगती चालल्या होत्या. हेरंब एका कोपऱ्यात ताट घेऊन बसला होता. केस पिकले होते, बाकी तसाच. मला बघून त्याने शेजारची खुर्ची रिकामी केली.

"ये, बस," तो म्हणाला. "वर्गात मी दर वर्षी तुझी गोष्ट सांगतो."

"माझी कसली?"

"सहीची. शेवटच्या वर्षाच्या मुलांना. म्हणतो, आमच्या गटात सात इंजिनिअर होतो आणि एक लिहिणारी. वेळ आली तेव्हा कणा एकटीलाच होता. मुलं विचारतात, सर, तुम्हाला राग नाही आला? मी सांगतो, आला की. सहा महिने होता. मग एक दिवस वाटलं, हिने केलं ते आपल्याला करता आलं नसतं. मग गेला."

मी बिर्याणीत चमचा फिरवत बसले. मुजावर वाढायला आला, दोघांच्या ताटांत आणखी घालून, "खावा की, बोलताय काय नुसतं," म्हणून पुढे गेला. एरवी मी हसून विषय बदलला असता. पण तो हे दर वर्षी वर्गभर मुलांना सांगतो हे ऐकल्यावर मला गप्प बसवेना.

"हेरंब, त्या ओळीचा तसा अर्थच नाही," मी म्हटलं.

"कुठल्या ओळीचा?"

"सहीच्या. हे लिखाण द्यायचा हक्क मला आहे, एवढंच त्या ओळीत म्हटलेलं असतं. लिखाण पुरं की अपुरं याच्याशी तिचा काही संबंध नाही. तूच मला तिच्या नियमांचा कागद वाचायला दिला होतास. मला तेव्हाही माहीत होतं. हमीचं ते मला मॅडमच्या केबिनकडे जाताना सुचलं."

तो खायचा थांबला.

"मग का पाठवलंस?"

"छान झालं होतं म्हणून."

"काय छान झालं होतं?"

"सहावं कलम," मी म्हटलं. "तोवर मी जे काही लिहिलं होतं त्यात तेवढंच चांगलं होतं. त्या दिवशी मी दोन्ही प्रती वाचल्या. पाचांची वाचली तर ती कुणीही लिहिली असती अशी होती. मला सहावं काढवेना. आणि तू तीन आठवड्यांत भोक बुजवलं असतंस. भोकच नाही म्हटल्यावर ते कलम कुणी कधी वाचलंच नसतं."

हेरंब माझ्याकडे बघत होता.

"मामलेदाराचं उत्तर आलं तेव्हा तुम्ही सगळे मुजावरच्या मागे उभे होतात," मी म्हटलं. "मला आनंद झाला होता, हेरंब. तो आनंद ओसरेपर्यंत मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

त्याने ताट खाली जमिनीवर ठेवलं. हात पुसले. मला वाटलं तो उठून जाईल, आणि गेला असता तर बरं झालं असतं.

"मी ते कधी वाचलं नाही," तो म्हणाला. "उत्तरात होतं तेव्हासुद्धा. नजर खालच्या 'नाही'वर गेली ती तिथेच राहिली."

"माहीत आहे."

"पाठ असेल तुला."

"आहे."

"म्हण."

ते इंग्रजीत होतं. मी पहिल्यांदाच मराठीत म्हटलं, जमेल तसं, खालच्या आवाजात, कारण शेजारी दुसरी पंगत बसत होती.

"मुकादम यादी पाहतो. यादी रिकामी असते. तो झोपायला वळतो, आणि नेमक्या त्याच वेळी एक जण तयार होऊन यादीवर येतो. मुकादम अजून जागा आहे म्हणून त्याला कुणी हाक मारत नाही, आणि हाक आली नाही म्हणून तो झोपतो. यानंतर सगळे तयार असतात आणि कुणीही कुणाला उठवत नाही."

हेरंब मान खाली घालून ऐकत होता. मी थांबले तरी त्याने मान वर केली नाही. पुढचं ऐकायला तो थांबला होता. थोड्या वेळाने त्याने माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.